मूठ

उजेड माझ्या तोंडावर नको, आट्यांवर पाड,
बाबा म्हणाले.
मी बॅटरी दोन्ही हातांनी धरली.
नोव्हेंबर. रुस्तावीतल्या आमच्या नऊ मजली इमारतीमागचं
पत्र्याचं गॅरेज,
आत आजोबांच्या वेळची पांढरी झिगुली,
दोन्ही दारं उघडी, कान टवकारल्यासारखी.

बारीहून पार्सल आलं होतं.
मिनीबसवाल्यानं पाच दिवस वाहून आणलेलं:
कॉफी, शेवया, माझे बूट,
आणि डाव्या बुटात, मोज्यात गुंडाळलेली
गिअरची नवी मूठ. काळी. खऱ्या चामड्याची.
व्हिडिओ कॉलवर आईला एकदा दिसला होता
जुन्या मुठीचा तडा.
तळहात कापेल तुझा, ती म्हणाली होती.
कापत नाही, बाबा म्हणाले होते.

जुनी मूठ म्हणजे काचेसारखा प्लास्टिकचा गोळा,
आत लाल गुलाब,
कुठल्याशा तुरुंगातल्या कुणा कैद्यानं घडवलेला.
लहानपणी मी त्यावर पाणी ओतलं होतं, वाढेल म्हणून.
आई गाडी शिकली तेव्हा
तिचा हात गुलाबावर, बाबांचा हात तिच्या हातावर,
आणि तिसऱ्यातून चौथ्यात जाताना ती डोळे मिटून घ्यायची.
हे मला ओमारीकाकांनी सांगितलं.
बाबा म्हणजे झाकली मूठ.

मूठ फिरेना.
चिंधी गुंडाळून पक्कड लावली, तरी फिरेना.
ड्रायरनं तापव, गोंद सुटेल, काका मागून म्हणाले.
ड्रायर आईच्या कपाटातच होता,
जाळीत अडकलेल्या तिच्या दोन-चार केसांसकट.
काकांच्या गॅरेजातून वायर ओढली.
गरम हवा सुटली आणि गाडीत
तिच्या नुकत्या न्हालेल्या डोक्याचा वास आला.
कोणी काही बोललं नाही.
मग बाबांनी दात-ओठ खाऊन वर हिसका मारला
आणि मूठ निघाली ती थेट त्यांच्याच नाकावर.
आटे कधीच झिजून गेले होते.
इतकी वर्षं ती नुसत्या गोंदावर तग धरून होती.
रक्त आलं. आधी काका हसले, मग मी,
मग बऱ्याच वेळानं बाबा.

नवी मूठ दांड्यावर ठेवली तर सैल.
नळाला लावतात ती पांढरी फीत बाबांनी आणली,
सात वेढे दिले, दोन काढले, पुन्हा एक दिला.
घट्ट बसली,
पण वरचा आकड्यांचा नकाशा तिरका,
एक नंबर खिडकीबाहेर बघणारा.
राहू दे, म्हणाले, हाताला कुठे वाचता येतं.
आमच्या झिगुलीला गिअर चार. मुठीवर पाच.
मी विचारलं, पाचवा कुठे आहे?
बारीला,
बाबा म्हणाले आणि लगेच रुमालानं नाक पुसू लागले.
नाकातलं रक्त तोवर थांबलं होतं.

रात्री घेवडा शिजत होता.
त्या भांड्याच्या झाकणाची मूठ वसंतातच तुटलेली,
तेव्हापासून आम्ही ते काट्यानं उचलायचो.
मी ताटल्या मांडल्या आणि पाहिलं:
झाकणावर गुलाब.
खाली उरलेल्या फितीचं पांढरं टोक लोंबत होतं.

आईचा फोन आला. दाखव, म्हणाली.
गॅरेजात अंधार आहे, बाबा म्हणाले,
आणि फोन घेऊन उगाच स्वयंपाकघरातच फिरत राहिले,
खिडकी, नळ, चूल.
थांब, ती म्हणाली. ते काय आहे?
काही नाही. घेवडा.

मग तिनं मला हाक मारली. देदा.
आमच्यात आई आपल्या लेकरालाच 'आई' म्हणते,
मला त्या दिवशी ते पहिल्यांदा ऐकू आलं.
देदा, उचलताना फडकं घे हं, तापला असेल.
मी बोट लावून पाहिलं.
बाबांनी फोन आणखी जवळ नेला
आणि वाफेनं तिचं कपाळ, मग डोळे पुसट झाले.
तापलाय? तिनं विचारलं.
थोडासाच, मी म्हणालो.